पाचवी सुपारी

विमानाच्या कारखान्यात नोकरी केली असं सांगितलं की आमच्या नाशिकमधले लोक दोनच प्रश्न विचारतात. तुम्ही विमानात बसलात का, आणि तिकीट फुकट मिळतं का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो कांद्याच्या भावाकडे वळतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. नाही म्हणण्याचाच मला सगळ्या नोकरीभर पगार मिळाला आहे.

मी तपासनीस होते. कामगारांनी विमानावर काम केलं की ते नीट झालंय का हे बघायचं आणि सही करायची, किंवा करायची नाही. काम एवढंच. मी रुजू झाले तेव्हा साहेब लोकांना वाटलं होतं की बाईमाणूस आहे, समजूतदार असेल, पटापट सह्या करेल. हा गैरसमज फार टिकला नाही. पुढे पुढे मी हँगरच्या दारात दिसले की चांगली धडधाकट माणसं एकदम नटबोल्टांकडे निरखून बघायला लागायची. आमच्या घरी पाहुणे जेवायला बसले की माझे यजमान अजूनही सांगतात, "निर्धास्त जेवा, आमटी पास झालेली आहे." त्यांना हा विनोद दर वेळी नवा वाटतो.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते वाटेलच, पण निदान कारण कळेल. विमानावर काम करताना जी वस्तू आत जाते ती मोजून जाते आणि मोजून बाहेर येते. पाने, पक्कड, बॅटरी, फडकीसुद्धा. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, म्हणजे एखादं जागेवर नसलं की रिकामी आकृती लांबून दिसते. काम संपल्यावर फळ्यावर एक जरी जागा रिकामी असेल तर विमान हलत नाही. मग ते कोणाचंही असो, त्याची कितीही घाई असो आणि बाहेर कोणीही उद्घाटनाला येऊन उभं असो.

एकदा एक छोटा पाना सापडेना. आम्ही एक तयार विमान परत उघडलं. आसन काढलं, झाकणं काढली, आरसे आणि बॅटऱ्या घेऊन माणसं आत घुसली. वरिष्ठांनी मला आधी विनंती केली, मग समजावलं, मग माझ्या स्वभावाबद्दल काही मौलिक विचार मांडले. मी सही केली नाही. पाना शेवटी त्याच वरिष्ठांच्या स्कूटरच्या डिकीत सापडला. दुपारी त्या पान्यानं त्यांनी स्कूटरचा आरसा घट्ट केला होता. त्यानंतर ते माझ्याशी अतिशय आदरानं, म्हणजे गरजेपुरतंच, बोलत असत.

अशा बाईला निवृत्तीनंतर कोणी बोलावणार नाही, असा माझा हिशेब होता. पण आपल्या जिल्ह्यात हौशी माणसांची कमतरता नाही. एका रिसॉर्टवाल्यानं भंगारात घेतलेलं विमानाचं धूड हॉटेलच्या दारात उभं केलं होतं. ते युद्धात लढलेलं आहे असं प्रमाणपत्र त्याला माझ्याकडून हवं होतं. मी म्हटलं, ते प्रशिक्षणाचं विमान आहे. तो म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाइकाला काय कळतंय?" दुसऱ्या एका गृहस्थांनी मोटारसायकलचं इंजिन, पत्रा आणि अफाट आत्मविश्वास एवढ्या भांडवलावर काहीतरी बनवलं होतं. मुलाच्या लग्नात नवरदेव त्यातून उतरवायचा होता. मी विचारलं, "चढवणार कसा?" तो प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता.

म्हणून दिंडोरीहून निलेशचा, माझं विमान तपासाल का, असा फोन आला तेव्हा मी कंटाळतच तिथं गेले. निलेश द्राक्षबागाईतदाराचा मुलगा, इंजिनियर झालेला, काही वर्षं परदेशात नोकरी करून आणि तिथं उडायला शिकून घरी परतलेला. द्राक्षं पॅक करायच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटच्या थप्प्यांमागे, तो विमान बांधत होता. मी ते बघितलं आणि माझी नेहमीची वाक्यं मला आठवेनात. काम स्वच्छ होतं. नळ्यांच्या सांगाड्याचे वेल्डिंगचे सांधे एकसारखे, लाकडी पंखांच्या फासळ्या सरळ, प्रत्येक नटाला पिन. परदेशातून नकाशे मागवून त्यानं जवळजवळ एकट्यानं सात वर्षं हे केलं होतं. परवानग्यांचं काय सांगावं? त्यांचे कागद विमानाच्या वजनात धरले असते तर ते उडालंच नसतं.

विमान म्हणजे तरी केवढं. एका माणसापुरतं. लांबीनं मोटारगाडीपेक्षा थोडं मोठं, पंख ठेंगणे, आणि बांधलेलं कशासाठी, तर आकाशात कोलांट्या मारण्यासाठी. गावातले लोक शेडमध्ये येऊन बघायचे आणि अगदी वाजवी प्रश्न विचारायचे. फवारणीला चालेल का? नाही. माल नेता येईल का? नाही. दुसरा माणूस कुठं बसतो? बसत नाही. सरळ तरी उडतं का? उडतं, पण त्यासाठी बांधलेलं नाही. मग लोक निलेशकडे एकदा आणि त्याच्या वडिलांच्या बागेकडे एकदा बघून निघून जायचे.

निलेशच्या आईला सगळे आक्का म्हणतात, म्हणून मीही. आमची पहिली भेट गोड झाली नाही. या विमानाच्या पंखांवर कापड असतं. ते चिकटवायचं, घरातलीच इस्त्री फिरवून ढोलासारखं ताणायचं, मग लांब सुईनं वरून खाली आणि खालून वर असे टाके घालत फासळ्यांना बांधून टाकायचं. प्रत्येक टाक्याला गाठ. हे टाके आक्कांनी घातले होते. गोधड्या शिवून हात बसलेला, टाका सुरेख, पण एका पंखावरच्या दोन ओळींत त्यांनी गाठ आपल्या पद्धतीची मारली होती. मी त्या ओळी उसवायला सांगितल्या.

"कामून?" आक्का म्हणाल्या. "इतकी घट गाठ हाय. बैल बांधला तरी सुटायची नाय."

"घट्ट आहे, पण नकाशात दिलेली नाही."

"नकाशा काढणाऱ्यानं गोधडी शिवलीय का कधी?"

पुढच्या दोन भेटींत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग उसवून, नकाशातली गाठ मारून, पंख माझ्यासमोर ठेवला आणि जेवायला वाढलं. तेव्हापासून आमचं जमलं. मी आठवड्यातून एकदा जायचे. मी काढलेल्या चुकांना निलेश बिचारा कंटाळायचा आणि मी आक्कांच्या स्वयंपाकघरात बसून थालीपीठ खात कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे. पाना हरवल्याची गोष्ट त्यांना फार आवडली. ती त्यांनी मला परत सांगायला लावली.

"म्हंजी साहेबानं सांगितलं तरी तुमी न्हाईच म्हनल्या?"

"वस्तू सापडत नाही तोवर विमान उडत नाही, आक्का. कोणीही सांगू दे."

"आन् सापडलीच नसती तर?"

"तर उडालंच नसतं."

आक्का थालीपीठ उलटवत राहिल्या. मला वाटलं, गोष्ट संपली.

दसऱ्याला शेडमध्ये पूजा होती. आपल्याकडे यंत्राची पूजा हा प्रकार तपासनिसाच्या जिवावर उठणारा असतो. कारखान्यात मी हळदीकुंकवाची बोटं नको तिथून पुसत आले आहे. या विमानाच्या बाबतीत तर प्रश्न आणखी बिकट होता. साध्या विमानात आत काही सांडलं तर ते तळाशी पडून राहतं. हे विमान मात्र हवेत उलटं होतं, आणि उलटं झालं की तळाशी पडलेली प्रत्येक गोष्ट जागेवरून निघते. अक्षता डोळ्यांत जातात. आणि सुपारीसारखी टणक, गोल वस्तू विमान सरळ होताना नेमकी वैमानिकाच्या हातातल्या दांड्याच्या खालच्या सांध्यात जाऊन बसली, तर त्यानं दांडा ओढला तरी शेपटीची हलती फळी जागची हलणार नाही. मग देवानं जरी प्रसाद दिला तरी तो घ्यायला वेळ उरत नाही.

मी म्हटलं, पूजा बाहेरून करा. आक्का म्हणाल्या, देवाला उंबऱ्यावर बसवायची आमच्यात रीत नाय. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: झेंडूची माळ बाहेर, कुंकू फक्त पुढच्या पंख्याच्या टोपणावर, अक्षता अजिबात नाहीत, आणि बसायच्या जागेवर एका ताम्हणात पाच विडे, प्रत्येकावर एक सुपारी. मोजून ठेवायचे, मोजून काढायचे. निलेश म्हणाला, तपासणी होऊन पास झालेली ही बहुधा पहिली पूजा. मी पाच मोजल्या. आरती झाली, ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर आणि विमान अशा रांगेत ओवाळून झालं, पेढे वाटले गेले. आक्कांनीच ताम्हण उचलून बाहेर आणलं.

त्यात विडे पाच आणि सुपाऱ्या चार.

"पाच ठेवल्या व्हत्या ना मॅडम?" आक्का म्हणाल्या. "तुमीच मोजल्या."

मी निलेशकडे पाहिलं. त्याच्या हातात पेढा होता, तो त्यानं तसाच कागदावर ठेवला.

हे आता समजून घ्या. पहिलं उड्डाण ऑक्टोबरच्या छाटणीआधी व्हायचं होतं. एकदा छाटणी सुरू झाली की द्राक्षवाल्याला स्वतःचं नाव आठवायला फुरसत नसते. शेजारच्या जिल्ह्यातली एक धावपट्टी ठरली होती, विमान न्यायला ट्रक सांगून ठेवला होता. आणि मध्ये एक सुपारी.

आसन काढलं. झाकणं काढली. बारीक वायरच्या टोकाला कॅमेरा असतो, तो मोबाइलला जोडून शेपटीपर्यंत सोडला. निलेशनं पोटाखालचं कापडही कापलं. सुपारी नाही. सापडलं ते असं: एक वॉशर, पेन्सिलीचं टोक आणि मेलेली गांधीलमाशी. वॉशर बघून मी निलेशकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं स्वतःच मान खाली घातली. म्हणजे शोध अगदीच वाया गेला नाही, असं मी तेव्हा फुशारकीनं म्हणालेसुद्धा.

दुसऱ्या फेरीला इंजिन उतरवलं, पंख काढले आणि उरलेला सांगाडा उलटा करून हलवायचं ठरलं. छाटणीसाठी पेठ-सुरगाण्याकडची माणसं बागेत आली होती, त्यांतले आठ-दहा जण मदतीला घेतले. त्यांनी विमान अलगद उचललं, पालथं केलं, हलवलं. मी शेपटीला कान लावून खडखड ऐकत बसले. खडखड झाली नाही. त्यांच्यातल्या एका वयस्क माणसानं विचारलं की नक्की काय हरवलंय. निलेशनं सांगितलं, सुपारी. त्या गृहस्थांनी विमान एका हातानं धरून दुसऱ्या हातानं आपली चंची काढली आणि म्हणाले, "घ्या की आमची." सगळी शेड हसली. मी हसले नाही. आता लिहिताना हसू येतंय.

छाटणी सुरू झाली, ट्रक रद्द झाला. निलेश दिवसभर बागेत आणि मिळेल तो वेळ विमानाच्या पोटात. गाल आत गेले. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, कारण आत्तापर्यंत काम पुढे जात होतं, आता ते मागे मागे जात होतं. एकदा मला म्हणाला, "मॅडम, मोजताना तुमचीच चूक नाही ना झाली?" इतक्या हलक्या आवाजात, इतक्या संकोचानं विचारलं की मला रागावताही आलं नाही. नाही, म्हटलं. पाच होत्या. तो म्हणाला, "हो, असणारच." आणि परत बॅटरी घेऊन आत शिरला.

घरात यातून एकच माणूस तेजीत होतं. आक्का. जेवणात रोज काहीतरी नवं. पुरणपोळी सणाशिवाय, मासवडी कारणाशिवाय. मला डबा भरून द्यायच्या. "शोधा, शोधा, घाई नाय," म्हणायच्या. वस्तू हरवलेल्या घरातली बाई इतकी प्रसन्न मी पाहिलेली नव्हती, पण मी मूर्ख, मला वाटलं मुलगा घरात असतो म्हणून खूश आहेत. तपासनिसाला नटबोल्टांपलीकडचं फार दिसत नाही, हे माझे यजमान सांगत असतात. ते खरं ठरलं, हे मी त्यांना कळवलेलं नाही.

तिसऱ्या फेरीला निलेश ब्लेड घेऊन पंखाशी बसला. सुपारी पंखात जायला वाटच नव्हती, पण रोज हरणारा माणूस कुठंही शोधतो. मी म्हटलं, थांब, त्या टाक्यांवर आईचा महिना गेलाय, आधी त्यांना विचार. आक्का दारातच होत्या.

"काप, काप," त्या म्हणाल्या. "दोनी पंख काप. परत शिवते मी. निवांत शिवू."

दोन ओळी उसवायला लावल्या म्हणून जी बाई माझ्याशी बोलत नव्हती, ती दोन्ही पंख कापायला सांगत होती. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मी निलेशच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं आणि त्याला बागेत पिटाळलं. आक्का स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मी मागोमाग गेले आणि ओट्याशी उभी राहिले.

"आक्का, सुपारी कुठं आहे?"

"पंखात आसंल."

"पंखात कशी जाईल?"

"तुमीच म्हनता ना, उलटं केलं की कुटं बी जाती."

आक्कांनी थोडा वेळ भांडी इकडची तिकडे केली. मग कमरेची पिशवी काढली, तिचं तोंड सैल केलं आणि सुपारी ओट्यावर ठेवली. ताम्हण उचलतानाच घेतली होती.

"तुमी साहेबाचं ऐकलं नाय," त्या म्हणाल्या. "म्हनून म्या तुमच्या भरवशावर केलं. मी न्हाई म्हनले तर तो हसतो. बाप न्हाई म्हनला तर भांडतो. तुमी न्हाई म्हनल्यावर गप बसतो. घरात त्याला गप करनारं मानूस पयल्यांदा आलं."

मला राग यायला हवा होता. इतके आठवडे मी एका पिशवीतली सुपारी विमानात शोधत होते, कान लावून खडखड ऐकत होते. पण राग आला नाही. उलट कारखान्यात इतकी बेरकी माणसं पाहिली, माझ्या नियमाचा इतका चोख उपयोग त्यांच्यातल्या एकालाही जमला नव्हता, असंच वाटलं.

"आक्का, विमानात दोष नाही," मी म्हटलं. "मी शोधून थकले. असता तर सांगितलं असतं."

"म्या कुटं म्हनते दोष हाय. टाके मीच घातलेत. घालताना रोज वाटायचं, मीच याला वर धाडतीय. मोटारसायकल आसती तर मागं बसले आसते. यात बसायला जागा बी ठेवली नाय त्यानं." त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, येकदा न्हाई म्हना. तुमचं ऐकंल तो."

"कारण काय लिहू?"

"मी आई हाय, हे कारन नाय व्हय?"

तपासणीच्या कुठल्याही कागदावर तो रकाना नाही, हे मला चांगलं माहीत होतं. माझ्याकडे नाही म्हणायला कारण लागतं. गाठ चुकली, पिन नाही, भेग आहे, वस्तू हरवली. कारण नसताना म्हटलेलं 'नाही' आणि कारण असताना केलेली सही, दोन्ही मला सारखीच खोटी वाटतात. हे मी आक्कांना सांगितलं. बोलताना माझं मलाच ते फार कोरडं वाटलं. त्या ऐकून घेत होत्या, पण त्यातलं त्यांच्या कामाचं काहीच नव्हतं.

"मी निलेशला खोटं सांगणार नाही," मी म्हटलं. "पण तुमच्याआधी खरंही सांगणार नाही. तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. निलेश शेडमध्ये खाली बसून पोटाचं कापड चिकटवत होता. आक्का आल्या, सुपारी त्याच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवली आणि म्हणाल्या, "ही घे. विमानात नव्हती. माझ्यापाशी व्हती."

निलेशनं सुपारीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे बघत होते. त्यानं ब्रश खाली ठेवला.

"मला सांगायचं होतंस ना, आई."

"सांगितलं आसतं तर ऐकलं आसतंस?"

तो खरं बोलणारा मुलगा आहे. थोडा विचार करून म्हणाला, "नाही."

"मंग?"

आक्का तिथंच क्रेट उलटं टाकून बसल्या आणि निलेशनं परत ब्रश उचलला. थोड्या वेळानं त्यानं न बघता हात पुढे केला आणि आक्कांनी त्यात कात्री ठेवली.

छाटणी उरकल्यावर, थंडीत, विमान धावपट्टीवर गेलं. पहिली उड्डाणं सरळ असतात. वर जायचं, एक चक्कर मारायची, खाली यायचं, उघडून तपासायचं, परत वर जायचं. आक्का या उड्डाणांना आल्या नाहीत. घरी देवासमोर बसायच्या आणि निलेशचा फोन आला की पोळ्या लाटायला घ्यायच्या. ज्या दिवशी विमान पहिल्यांदा उलटं व्हायचं होतं त्या दिवशी मात्र त्या पहाटेच तयार होऊन गाडीत येऊन बसल्या. कोणी विचारलंही नव्हतं.

मी माझी तपासणी केली. आत काही सुटं नाही, सांध्यांना पिना आहेत, दांडा चारी बाजूंना मोकळा आहे. सही केली. निलेश आत बसला. उलटं होणाऱ्या विमानात पट्टे जास्त असतात, खांद्यांवरून दोन, कमरेवरून दोन आणि मधून एक, आणि ते अंगावर रुतेपर्यंत आवळावे लागतात. निलेश म्हणाला, "आई, तू ओढ." आक्कांनी पंखावर गुडघा टेकवून पट्टा असा ओढला की निलेशचा आवाज बदलला. अजून ओढू का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, बास, श्वास घ्यायचाय.

विमान वर गेलं, लहान झालं, धावपट्टीच्या वर परत आलं. मग पंख कलला, कलतच राहिला, आणि विमान पालथं झालं. चाकं आकाशाकडे. आवाजही बदलल्यासारखा वाटला. आक्कांनी माझं मनगट धरलं. त्यांची नजर वर होती आणि ओठ हलत होते. त्या पोटावरच्या कापडाखाली कुठला नट कुठं आहे, कुठली पिन कुठल्या बाजूनं वाकवली आहे, हे मला त्या क्षणी डोळे मिटून सांगता आलं असतं. तरीही मला भीती वाटत होती. अशी भीती मला नोकरीत एकदाही वाटली नव्हती. त्यातला माणूस ओळखीचा होता, त्याची आई माझा हात धरून उभी होती, आणि माझी सही खाली गाडीतल्या फायलीत होती, तिचा आता कोणालाच काही उपयोग नव्हता.

विमान सरळ झालं. परत पालथं झालं. परत सरळ झालं. मग एक मोठी गिरकी घेऊन ते उतरलं, जरा उसळलं, धावत गेलं आणि थांबलं. पंखा बंद झाला. आक्कांनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर बांगड्यांचे वळ उठले होते.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तिकडं कारखान्यात बी तुमी आशाच उभ्या ऱ्हायच्या व्हय, परतेक येळी?"

"नाही," मी म्हटलं. "सही झाली की मी घरी जायचे."

आक्कांनी पदरानं तोंड पुसलं.

"बरं व्हतं तुमचं," त्या म्हणाल्या, आणि मुलाकडे चालू लागल्या.